परीक्षा आधी बदला: आंतरराष्ट्रीय विपणनाच्या अभ्यासमंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
अभ्यासमंडळ, वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखा

विषय: ‘आंतरराष्ट्रीय विपणन’ या पेपरची रचना आणि मूल्यमापन

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पेपरांची पुनर्रचना चालू आहे. आंतरराष्ट्रीय विपणनाचा मसुदा लवकरच तुमच्यापुढे येईल. घटकांची अदलाबदल होईल, एखादं प्रकरण वाढेल, एखादं गळेल आणि मसुदा विद्यापरिषदेकडे जाईल. त्याआधी माझी एक विनंती आहे. या वेळी सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करा. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने काय करून दाखवायचं हे आधी ठरवा, त्याला गुण कसे द्यायचे ते ठरवा, आणि मग घटक लिहायला घ्या.

हे पत्र मंडळाच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. ते खुलं लिहिते आहे, कारण हा पेपर फक्त तुमचा आणि आम्हा शिक्षकांचा नाही. तो शिकणारी मुलं, त्यांचे पालक, उद्या त्यांना कामावर घेणारे, माल निवडून पॅक करणारे पॅकहाउसवाले, सीमाशुल्काची कामं करून देणारे सीएचए, माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणारे फॉरवर्डर, बँकेच्या फॉरेक्स विभागातले लोक, या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध आहे. त्यांनीही हे वाचावं आणि आपलं म्हणणं मंडळाला कळवावं.

आज हा पेपर चार क्रेडिटचा आहे. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे एकूण ६० तास. पहिल्या घटकात व्याख्या, स्वरूप, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विपणनातला फरक. दुसऱ्यात परदेशी बाजाराचं पर्यावरण आणि तिथे शिरण्याचे मार्ग. तिसऱ्यात वस्तू, किंमत, वितरण, प्रसिद्धी. चौथ्यात निर्यातीची कार्यपद्धती आणि कागदपत्रं. लेखी परीक्षा ६० गुणांची, अंतर्गत ४०. कागदावर यात वावगं काही नाही आणि थोड्याफार फरकाने हीच मांडणी इतरत्रही दिसते.

अडचण वर्गात सुरू होते. सत्राच्या आरंभी वेळ हाताशी असतो, म्हणून पहिला घटक सावकाश होतो. मग प्रवेशाच्या लांबलेल्या फेऱ्या, युवा महोत्सव, शिक्षकांची निवडणुकीची कामं. निर्यातीचा खरा व्यवहार ज्या चौथ्या घटकात आहे, तो शेवटच्या आठवड्यात दोन-तीन तासांत उरकला जातो. मुलांना शिपिंग बिल (सीमाशुल्क विभागाला द्यायचा निर्यातीचा अर्ज) आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) यांतला फरक चार ओळींत लिहिता येतो, पण यातला एकही कागद बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

लेखी प्रश्नपत्रिका गेली अनेक वर्षं एकाच साच्यातली आहे. सहापैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा, टिपा लिहा. आंतरराष्ट्रीय विपणनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्यं स्पष्ट करा. बाजारप्रवेशाच्या पद्धती सांगा. पर्लमटर यांनी १९६९ साली मांडलेल्या दृष्टिकोनांवर बेतलेली ईपीआरजी चौकट समजावून सांगा. ही चौकट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. एखादी कंपनी परदेशाकडे कोणत्या नजरेने बघते हे ओळखायला ती आजही कामाची आहे. पण आमच्या मुलांना ती ओळखायला कधी सांगितलंच जात नाही, फक्त आठवायला सांगितलं जातं. मुलं हुशार आहेत. परीक्षा काय मागते हे त्यांना पहिल्याच सत्रात कळतं. सिनियर मुलांकडून ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी येते, बाजारातलं गाईड येतं, शेवटच्या आठ दिवसांत पेपर निघतो. यात मुलांना दोष देणं मला पटत नाही. शिक्षणशास्त्रज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हेच मांडलं होतं की विद्यार्थी परीक्षेच्या अंदाजाने अभ्यास करतात, म्हणून उद्दिष्टं, शिकवणं आणि मूल्यमापन एका रेषेत असायला हवं. आपल्याकडे ही रेष तुटलेली आहे. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘विद्यार्थी निर्यात आराखडा तयार करू शकेल’ असं उद्दिष्ट छापलेलं आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी त्या उद्दिष्टाच्या पूर्ततेचे तक्तेही आम्ही भरतो. पण संपूर्ण सत्रात एकाही विद्यार्थ्याला निर्यात आराखडा करायला सांगितला जात नाही, आणि त्यावर एकही गुण नाही.

अंतर्गत ४० गुणांबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. एक लेखी चाचणी, एक असाइनमेंट, एक प्रेझेंटेशन आणि उपस्थिती. असाइनमेंटचा विषय बहुधा पुस्तकातल्याच एखाद्या प्रकरणाचा सारांश असतो. पूर्वी तो वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीतून उतरवला जायचा, आता चॅटबॉटकडून लिहून घेतला जातो. शिक्षकालाही हे ठाऊक असतं. मग जवळजवळ सगळ्यांना ३२ ते ३८ च्या पट्ट्यात गुण पडतात, आणि ज्या मुलीने खरोखर कष्ट केले तिचा आकडा इतरांसारखाच दिसतो. या चाळीस गुणांतच पेपर बदलण्याची सगळ्यात मोठी संधी आहे, आणि तीच आपण वाया घालवतो.

मी द्राक्षाच्या पट्ट्यात शिकवते. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरी फवारणीची डायरी दिवाळीपासून रोज भरली जाते. त्यांच्या वडिलांच्या बागेच्या प्लॉटची नोंद कृषी विभागाकडे आणि अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेत आहे. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, फवारलेल्या औषधांचा अंश मर्यादेत निघाला तरच माल पॅकहाउसला लागतो, प्रीकूलिंग होतं, कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मिळतं आणि शीतकरणाची सोय असलेला रीफर कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या वाटेला लागतो. या मुलांना प्लॉट, मणी, साखर, एमआरएल (अंशाची कमाल मर्यादा) हे शब्द माझ्याआधीपासून ठाऊक आहेत. त्यांच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो एफओबीवर (माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च आपला) ठरलेल्या भावाने द्यायचं की कन्साइनमेंटवर पाठवून रॉटरडॅमच्या बाजारात जे मिळेल ते घ्यायचं, हा. हा निव्वळ आंतरराष्ट्रीय विपणनाचा प्रश्न आहे. जोखीम कोणाची, पैसे कधी, मालाची मालकी कुठल्या क्षणी बदलते, खरेदीदाराची पत कशी तपासायची. पण आमच्या पेपरमध्ये हा प्रश्न येतच नाही. त्या मुलाला ‘किंमत निश्चितीवर परिणाम करणारे घटक’ असे आठ मुद्दे लिहायचे असतात. घरी जे कळतं आणि कॉलेजात जे लिहावं लागतं, त्यांची कधी गाठच पडत नाही.

याच पट्ट्याने २०१० चा हंगाम पाहिला आहे. त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि माल नाकारला गेला. शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ आवरायला जे वापरतात, तेच हे. माल चवीला उत्तम होता, रंग होता, साखर होती, भावही ठरला होता. पण ग्राहक देशाच्या नियमपुस्तकातला एक आकडा आड आला. पुढे २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याला आणि चार भाज्यांना दार बंद केलं. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, तोवर हापूसचा एक संपूर्ण हंगाम त्या बाजाराविना गेला होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर आंब्याच्या १५ खेपा अडकल्या त्या कीड मारण्यासाठीच्या किरणप्रक्रियेच्या कागदपत्रांवरून, आणि परत आणणं परवडणार नसल्याने आंबा तिथेच नष्ट करावा लागला. या तीन घटनांत आमचा अख्खा चौथा घटक आहे, आणि तिसऱ्यातला बराचसा. तरीही अंतिम वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य मुलांना यातली एकही नीट सांगता येणार नाही. त्यांच्या क्वेश्चन बँकेत भारतात आलेल्या परदेशी बर्गर कंपनीने मेनू कसा बदलला हे उदाहरण आहे. चांगलं आहे, पण ते परक्याने आपल्या बाजारात कसं यावं याचं आहे. आपण बाहेर कसं जायचं, याचं उदाहरण हवं.

शिळेपणाचाही एक मोठा प्रश्न आहे. बाजारातल्या काही गाईडांत आजही इन्कोटर्म्स (खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटी) १३ आहेत असं लिहिलेलं सापडतं. ती २००० सालची यादी होती. २०१० मध्ये त्या ११ झाल्या, २०२० मध्ये त्यांतली डीएटी ही अट जाऊन डीपीयू आली. निर्यातीला प्रोत्साहन देणारी एमईआयएस योजना बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप सुरू झाली, तरी मुलं एमईआयएसचे फायदे पाठ करतात. नवं विदेश व्यापार धोरण १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्याला आधीच्या धोरणांसारखी पाच वर्षांची मुदतही नाही. दरवेळी अभ्यासक्रम बदलून हे सुटणार नाही, कारण आपला अभ्यासक्रम काही वर्षांनी एकदाच बदलतो आणि अधिसूचना आठवड्याला निघतात. उपाय असा की नियमांची यादी अभ्यासक्रमात छापूच नये, कामं छापावीत. ‘निवडलेल्या मालाला आज कोणती प्रोत्साहन योजना लागू आहे ते विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) अधिसूचनेवरून शोधा आणि त्या तारखेची प्रत जोडा’ हे वाक्य दहा वर्षांनीही ताजं राहील.

आता माझा प्रस्ताव.

सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात चार-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एक माल आणि एक देश निवडावा. माल शक्यतो आपल्या जिल्ह्यातला: बेदाणा, हळद, गूळ, डाळिंब, कांदा, पैठणी, कोल्हापुरी चप्पल, फाउंड्रीतलं कास्टिंग, सॉफ्टवेअरची सेवासुद्धा चालेल. सत्रभर त्या एकाच मालाची, त्या एकाच देशासाठीची फाइल वाढत जावी. पहिलं काम एचएस कोड, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, शोधणं. वरवर कारकुनी वाटतं, पण ताजी द्राक्षं ०८०६ १० आणि बेदाणा ०८०६ २० हे कळल्याशिवाय पलीकडचं आयातशुल्क कळत नाही, आकडेवारी सापडत नाही आणि स्पर्धक देश कोणते हेही दिसत नाही. दुसरं काम बाजाराची निवड. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ट्रेड मॅप आणि मार्केट अ‍ॅक्सेस मॅप मोबाइलवरही उघडतात. तो देश हा माल कोणाकडून किती घेतो, आपल्याला किती शुल्क लागतं आणि चिली किंवा दक्षिण आफ्रिकेला किती, हे मुलांनी स्वतः काढावं. ‘युरोपात मोठी मागणी आहे’ या वाक्याला शून्य गुण द्यावेत.

तिसरं काम दाराशी असलेल्या अटींचं. युरोपीय संघाची अन्नसुरक्षेची जलद सूचना यंत्रणा, आरएएसएफएफ, सगळ्यांना खुली आहे. भारतातून गेलेली कुठली खेप कशामुळे अडली हे त्यात शोधता येतं. गटाने आपल्या मालाच्या अशा नोंदी शोधाव्यात, त्यांचं कारण समजून घ्यावं आणि आपल्या गावात ते कसं टाळता येईल हे पॅकहाउसमध्ये किंवा कृषी अधिकाऱ्याकडे जाऊन विचारावं. आपली औद्योगिक भेट याच कामाला जोडता येईल. लांबच्या कारखान्याला बस नेण्यापेक्षा जवळच्या पॅकहाउसमध्ये किंवा कंटेनर डेपोत एक दिवस घालवला तर मुलं कितीतरी शिकून येतील. त्यानंतर किंमत, करार, पैसे येण्याची पद्धत, कागदपत्रं, वितरण आणि प्रसिद्धी असं एकेक प्रकरण फाइलमध्ये येत जाईल. तिसऱ्या घटकातले चारही ‘पी’ यात येतात, पण एका मालाच्या अंगाने येतात.

फाइलमध्ये आणखी एक सक्तीचं पान असावं: दार अचानक बंद झालं तर काय? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये बंदी उठली ती टनामागे ५५० डॉलरच्या किमान निर्यातमूल्यासह आणि ४० टक्के शुल्कासह, आणि शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. पुस्तकात याला ‘राजकीय पर्यावरण’ म्हणतात आणि दीड पानात संपवतात. कांदापट्ट्यातल्या मुलांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांना शिकवायचं आहे ते हे की दुसरा बाजार आधीपासून कसा जोपासायचा, करारात अशा प्रसंगाची तरतूद कशी लिहायची आणि गिऱ्हाइकाला बातमी कोणत्या शब्दांत कळवायची.

गुणांची विभागणी मी अशी सुचवते. अंतर्गत ४० पैकी २० फाइलला, आणि ते टप्प्याटप्प्याने, दर तीन आठवड्यांनी एक भाग तपासून. १२ गुण वैयक्तिक तोंडी परीक्षेला. ८ गुण कागद तपासण्याच्या चाचणीला, जिचं वर्णन पुढे करते. उपस्थितीला गुण नकोत. फाइल गटाची असली तरी तोंडी परीक्षा प्रत्येकाची वेगळी, आणि परीक्षकाने फाइलमधलं कुठलंही पान उघडून ‘हा आकडा कुठून आणला?’ असं विचारायचं. ज्याने काम केलेलं नाही तो दोन मिनिटांत उघडा पडतो. चॅटबॉटचा प्रश्नही यातच बऱ्यापैकी सुटतो. मुलांनी त्याची मदत घ्यावी, घेतील. पण पॅकहाउसमधल्या माणसाने काय सांगितलं, सीएचएने कोटेशन किती दिलं, आपण त्यातलं काय स्वीकारलं आणि का, याची उत्तरं स्वतःच द्यावी लागतात.

कागद तपासण्याच्या चाचणीत मुलांच्या हातात एक लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) आणि त्याबरोबरचे चार-पाच कागद द्यायचे, आणि चुका शोधायला सांगायच्या. उदाहरणार्थ, बिल ऑफ लेडिंगवर माल चढल्याची तारीख ४ फेब्रुवारी, बँकेत कागद दिले २७ फेब्रुवारीला, एलसीत सादर करण्याची मुदत लिहिलेली नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोचले पाहिजेत, म्हणजे शेवटचा दिवस २५ फेब्रुवारी. बँक हे कागद नाकारू शकते. इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळत नाही, ही दुसरी चूक. अशा चाचणीसाठी फक्त झेरॉक्सचा खर्च येतो. प्रत्यक्षात अशाच चुकांनी निर्यातदारांचे पैसे अडकतात आणि खरेदीदाराला भाव पाडून मागायला संधी मिळते. जी मुलगी या चुका पटकन ओळखते तिला डॉक्युमेंटेशनच्या कामावर कोणीही घेईल.

लेखी परीक्षेचे ६० गुण राहू द्या, पण पुस्तक उघडं ठेवून आणि निम्मे गुण एखाद्या प्रसंगावर. नमुन्यादाखल एक प्रश्न देते.

‘एका कंटेनरमध्ये १२,००० किलो द्राक्षं जातात असं धरा. बागेतला दर किलोला ७० रुपये. पॅकिंग आणि प्रीकूलिंग किलोला २२ रुपये. बंदरापर्यंतची वाहतूक, कागदपत्रं आणि बंदरावरचे खर्च मिळून कंटेनरमागे १,२०,००० रुपये. डॉलरचा दर ८५ रुपये. सागरी भाडं ४,२०० डॉलर, विमा १२० डॉलर. खरेदीदार सीआयएफ (भाडं आणि विमा धरून) रॉटरडॅम किलोला १.६० डॉलर द्यायला तयार आहे. (अ) किलोमागे एफओबी खर्च काढा. (आ) हा सौदा घ्यावा का? (इ) सौदा ठरल्यावर जहाजं लाल समुद्राऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडं ६,६०० डॉलर झालं. आता काय होईल? हाच सौदा एफओबीवर असता तर वाढीव भाडं कोणी भरलं असतं? (ई) वाटेतले दहा-पंधरा दिवस वाढले तर मालाच्या टिकण्याबद्दल, विम्याबद्दल आणि सुपरमार्केटला दिलेल्या तारखेबद्दल तुम्ही खरेदीदाराला काय लिहाल? तो ईमेल लिहा.’

आकडे मी प्रश्नापुरते सोपे घेतले आहेत. एफओबी खर्च किलोला १०२ रुपये, म्हणजे १.२० डॉलर. भाडं आणि विमा धरून १.५६ डॉलर. म्हणजे किलोला चार सेंट सुटतात, कंटेनरमागे ४८० डॉलर. भाडं वाढल्यावर खर्च १.७६ डॉलरवर जातो आणि तोच कंटेनर १,९२० डॉलरच्या तोट्यात जातो. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि २०२४ च्या हंगामात द्राक्ष निर्यातदारांनी नेमकी हीच ओढाताण अनुभवली. इन्कोटर्म्सच्या व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी (इ) मध्ये अडखळेल. ज्याला त्या कळल्या आहेत तो पुस्तकाशिवायही उत्तर देईल. शेवटच्या उपप्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, आणि ते तसंच असायला हवं. विपणन शेवटी माणसांशी बोलण्याचं काम आहे.

आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते मंडळातले सहकारी उगाच घेत नाहीत. पहिला वर्गाच्या आकाराचा. एका तुकडीत १२० मुलं असतील तर प्रत्येकाची तोंडी परीक्षा कशी घ्यायची? दहा मिनिटं धरली तरी २० तास लागतात. खरं आहे. पण आज तितकाच वेळ असाइनमेंटच्या १२० सारख्या वह्या जमा करून सह्या करण्यात आणि चाचणीचे पेपर तपासण्यात जातो. ते तास इकडे वळवायचे आहेत. त्यातून वाढीव वेळ लागणार असेल तर तो कार्यभारात धरला पाहिजे, आणि हे विद्यापीठाने लेखी द्यायला हवं. अनेक महाविद्यालयांत हा पेपर तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. त्यांना शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात, फाइल तपासण्याचे आणि तोंडी परीक्षेचे मिळत नाहीत. त्यांच्याकडून हे काम फुकट करून घ्यायची कल्पना कोणाच्या मनात असेल तर हा प्रस्ताव मी स्वतःच मागे घेते. मूल्यमापनाचे तास मानधनात धरा, मगच हा बदल आणा.

दुसरा आक्षेप: अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात वाढवले की ते उधळले जातात. म्हणूनच तोंडी परीक्षेला दुसऱ्या महाविद्यालयाचा एक परीक्षक असावा, आणि फाइलींपैकी काही निवडून विद्यापीठाने पुन्हा तपासाव्यात. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिक परीक्षांना बाहेरचे परीक्षक वर्षानुवर्षं येत आले आहेत. वाणिज्यला ते का नसावेत, याचं समाधानकारक कारण मला कोणी सांगितलेलं नाही.

तिसरा: शिक्षकांनाच निर्यातीचा अनुभव नाही. हेही खरं आहे, आणि मला वाटतं हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. बंदराजवळचे सीएचए, जिल्ह्यातले निर्यातदार, बँकेच्या व्यापारवित्त विभागातले अधिकारी बोलवले तर येतात. विद्यापीठाने दर उन्हाळ्यात या पेपरच्या शिक्षकांसाठी आठवड्याभराची कार्यशाळा घ्यावी आणि त्यातला एक दिवस न्हावा शेव्याला असावा. उद्योगातल्या अनुभवी माणसाला शिकवायला नेमण्याची, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, सोय यूजीसीने करून ठेवली आहे, तीही वापरता येईल.

भाषेबद्दल एक आग्रहाची मागणी. फाइलचं विवेचन, तोंडी परीक्षा आणि लेखी उत्तरं मराठीत देण्याची स्पष्ट मुभा नियमात लिहा. व्यापाराचे कागद इंग्रजीत आहेत, ते मुलांनी इंग्रजीतच भरावेत आणि खरेदीदाराचा ईमेलही इंग्रजीत लिहायला शिकावा. पण विचार ज्या भाषेत नीट मांडता येतो त्या भाषेत मांडल्याबद्दल गुण कमी होता कामा नयेत. ग्रामीण भागातली माझी कितीतरी मुलं सौद्याचं गणित तोंडी मराठीत चटकन करतात आणि इंग्रजी उत्तरपत्रिकेत गप्प होतात.

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर काम करण्याची संधीही या पेपरला जोडता येईल. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठातून २०१० मध्ये सुरू झालेल्या एक्स-कल्चर या प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतली मुलं एका गटात बसून, ऑनलाइन, खऱ्या कंपनीच्या प्रश्नावर काम करतात. रात्री उशिरा बैठका, वेळेचे फरक, कोणी उत्तरच देत नाही, कोणी फार स्पष्ट बोलतं. ‘सांस्कृतिक पर्यावरण’ हे प्रकरण यातून जितकं समजेल तितकं माझ्या व्याख्यानातून समजणार नाही. सगळ्यांना हे शक्य नाही, पण जे करतील त्यांना त्याचे गुण मिळण्याची सोय असावी.

आणि तोंडी परीक्षेत चालू घडामोडींना जागा हवी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इथे मोठा गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. मग तक्रार कशाची करता येईल? भारतातली नोंदणी परदेशात आपोआप लागू होते का? नावाचं संरक्षण आणि घडणीचं संरक्षण एकच का? कारागिराच्या हातात जास्त पैसे यावेत म्हणून खटला भरावा, की करार करावा, की स्वतःच तिथे विकायला जावं? या चार प्रश्नांवर मुलांना पंधरा मिनिटं बोलतं करा. कोण शिकलं आहे आणि कोणी पाठ केलं आहे, ते लगेच कळेल.

पुढच्या बैठकीत मंडळाने निदान तीन ठराव करावेत अशी माझी मागणी आहे. येत्या सत्रात इच्छुक महाविद्यालयांत या पद्धतीचा प्रायोगिक वापर करायला परवानगी द्यावी, आणि त्या महाविद्यालयांत शहरातली, तालुक्याची, अनुदानित, विनाअनुदानित अशी सगळी असावीत. मसुद्यासोबतच नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचे निकष प्रसिद्ध करून शिक्षकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून सूचना मागवाव्यात. आणि मूल्यमापनाच्या तासांचं मानधन ठरवण्यासाठी व्यवस्थापन परिषदेकडे शिफारस पाठवावी. तिसरा ठराव नसेल तर पहिले दोन कागदावरच राहतील.

प्रसंगावर आधारित प्रश्नांचा एक संच आणि कागद तपासण्याच्या चाचणीचे तीन नमुने मी तयार केले आहेत. मंडळाने सांगितल्यास ते लगेच पाठवते, आणि प्रायोगिक महाविद्यालयांच्या यादीत आमचं नाव पहिलं घालावं. बैठकीची तारीख कळवलीत तर मांडणी करायला मी स्वतः येईन.

आपली,
आंतरराष्ट्रीय विपणन शिकवणारी एक प्राध्यापिका